तांबडा कौल

माझी बोटं पहिल्यांदा मेली ती झरीमायच्या कपाळावर. मार्गशीर्षातली सकाळ होती, राईत अजून ऊन उतरलं नव्हतं, आणि सगळा गाव सभामंडपात दाटीवाटीने उभा होता. मी ओलेत्याने गाभाऱ्यात होते. देवीच्या काळ्या दगडी कपाळावर डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा ओल्या पाकळ्या बोटांनी दाबून धरल्या होत्या. आमच्याकडे कौल असाच लावतात. गावकर गाऱ्हाणं घालतो, गुरव पाकळ्या सोडतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

त्या दिवशी प्रश्न माझाच होता. माझे सासरे देवीचे गुरव, त्यांना अर्धांगवायू झाला होता, नवरा गोव्यात मालवाहू बार्जवर नोकरीला, आणि देवीची पूजा चुलत घराकडे जायची वेळ आली होती. तेव्हा माझ्या सासूने, म्हणजे आयेने, भर बैठकीत सांगितलं की माझी सून पूजा करील. आंबोलीच्या पायथ्याचं आमचं गाव, तिथे बाईमाणूस गाभाऱ्यात जाणार म्हणजे केवढा गहजब. शेवटी ठरलं, देवीलाच विचारायचं.

तातू गावकराचं गाऱ्हाणं लांबलचक. मागच्या भिंतीतून झऱ्याचं पाणी गाभाऱ्यात येतं, ते देवीच्या पायाशी साचतं, आणि त्या पाण्याने भिजलेला दगड बर्फासारखा लागतो. मी दात आवळून उभी होते. गाऱ्हाणं अर्ध्यावर आलं आणि मला माझी बोटं दिसली. ती पांढरी होती, खडूसारखी, पहिल्या पेरापासून टोकापर्यंत. त्यांच्यात माझं काही उरलं नव्हतं, पाकळी हाताला लागत नव्हती. मी घाबरून हात काढला आणि काखेत घातला. बाहेर काढला तेव्हा बोटं जांभळी झाली होती, आणि सगळे बघत असतानाच ती तांबडीलाल झाली. पाकळ्या दोन्ही तशाच चिकटलेल्या होत्या. त्यांच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

तातू गावकर हळू आवाजात म्हणाला, "आईन हिका भितर घेतल्यान आनि परत सोडल्यान. हिचोच हात तिका व्हयो आसा."

त्या दिवसापासून पाकळ्या नावापुरत्या राहिल्या. लोक माझी बोटं बघायचे. गाऱ्हाणं संपताना बोटं पांढरी असली तर देवी नाही म्हणते, तांबडी असली तर होय म्हणते. घरभरणी, वाटण्या, विहिरी, सोयरिकी, सगळं माझ्या दहा बोटांवर ठरायला लागलं. तातू गावकराने तांबड्या कौलावर विहीर खणली आणि तिला पाणी लागलं, मग तर बोलायलाच नको. उन्हाळ्यात देवी उदार असायची आणि थंडीत कंजूष, हे का, ते काही कुणाच्या ध्यानात आलं नाही. शहाण्या माणसांनी लग्नाचे कौल चैत्रात लावायला सुरुवात केली, कारण चैत्रात माय प्रसन्न असते असा अनुभव.

मला वाईट वाटत होतं का? खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं. ज्या बायका माझ्या नाकावर टिच्चून पाणी भरून पुढे जायच्या, त्या आता हंडा बाजूला करून मला वाट द्यायच्या. मीही मान ताठ ठेवून पुढे जायचे.

पण तीन-चार वर्षांत दुसरंच काही सुरू झालं. माझ्या चेहऱ्यावरच्या रेषा जायला लागल्या. चाळिशीला टेकलेली बाई मी, डोळ्यांपाशी, कपाळावर सुरकुत्या पडायचं वय. तर त्या होत्या तेवढ्याही पुसून गेल्या. कातडी तुळतुळीत झाली आणि ताणली गेली. नाक अणकुचीदार झालं, ओठ पातळ झाले. ज्या तोंडाने मी आयेला दोनाचे चार शब्द ऐकवायचे, ते तोंडच लहान होत चाललं. बोटांची कातडी चिमटीत धरता येईना. मूठ पुरती वळेना.

शेजारची रुक्मिणबाय एकदा माझ्या गालाला हात लावून झटक्यात मागे सरली. "गो, फातर होतंस तू," ती दगडाला हात लागल्यासारखी म्हणाली, आणि वाकून माझ्या पायावर फूल ठेवून गेली. त्यानंतर पोरं माझ्या अंगणात खेळायची थांबली. मी आले की आपोआप बोलणं बंद व्हायचं. एका सकाळी मी आरशात बघून कुंकू लावत होते, आणि आरशात मला झरीमाय दिसली. तेच गुळगुळीत कपाळ, तेच मिटलेले बारीक ओठ. मी कुंकवाचा करंडा खाली टाकला. त्या दिवसापासून मी आरशाशिवाय कुंकू लावायला लागले.

आये हे सगळं बघत होती. आये म्हणजे बोलणं कमी आणि बघणं जास्त. मी जेवताना प्रत्येक घासाला पाणी का पिते, भाकरी छातीत अडकल्यासारखी का थांबते, हे तिने विचारलं नाही, पण माझ्या ताटात भाकरीऐवजी पेज यायला लागली. मला वाटायचं, गावासारखी तीही मला घाबरते. मग उजव्या हाताच्या तर्जनीच्या टोकाला बारीकशी जखम झाली. ती भरेना. टोक काळं पडायला लागलं, रात्री ठणका असा लागायचा की मी तोंडात पदर कोंबून बसायचे. देवी खाते आहे बोटापासून, असं मला खरंच वाटायचं. तेव्हा आयेने एका सकाळी चपला घातल्या, पिशवी घेतली आणि म्हणाली, "चल. तालुक्याक जावया."

डॉक्टर शिरोडकरबाई नवीन आल्या होत्या. उंच, खरखरीत आवाजाच्या, न हसणाऱ्या. त्यांनी बोट बघायच्या आधी माझा चेहराच बघितला, आणि तो बराच वेळ बघितला. तोंड उघडायला सांगितलं, ते दोन बोटं जातील एवढंच उघडलं. हाताची कातडी चिमटीत धरायला गेल्या, ती धरता आली नाही. घास अडकतो का, चढावर दम लागतो का, असं एकेक विचारत गेल्या, आणि मी होय होय म्हणत गेले. मग त्यांनी माझ्या नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकला आणि भिंगाच्या दिव्यातून बघायला लागल्या.

"इथे केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्या असतात," त्या म्हणाल्या. "तुमच्या बऱ्याचशा नाहीशा झाल्यात. उरल्यात त्या फुगल्यात."

आये कोपऱ्यातल्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. डॉक्टरांनी मला बेसिनवर हात धुवायला सांगितलं. पौषातलं पाणी, हात धुता धुताच बोटं पांढरी झाली. मला धडकी भरली, कारण गाभाऱ्याबाहेर कुणा परक्या माणसासमोर हे कधी झालं नव्हतं. डॉक्टर मात्र शांतपणे एक निळा प्लॅस्टिकचा टब घेऊन आल्या, त्यात त्यांनी किटलीतलं कोमट पाणी ओतलं, आणि माझे दोन्ही हात त्यात बुडवून धरले.

"आता बघा," त्या म्हणाल्या.

पांढरी बोटं जांभळी झाली. मग नखांपासून लाली पसरत गेली. देवीचा होय त्या निळ्या टबात उतरला, दवाखान्यात, भिंतीवर कुटुंब नियोजनाचं चित्र लावलेल्या खोलीत. मी आयेकडे पाहिलं. ती स्टुलावरून उठून जवळ आली होती आणि टबात बघत होती. तिने एक बोट पाण्यात घालून पाणी किती गरम आहे ते पाहिलं आणि परत जागेवर जाऊन बसली.

डॉक्टरांनी समजावलं ते मला आजही आठवतं. नुसती थंडीने बोटं पांढरी होणारी माणसं पुष्कळ असतात, त्यांचं काही बिघडत नाही. पण बोटांबरोबर कातडी ताठ होते, जखम भरत नाही, नखाच्या वाहिन्या मोडतात, घास अडकतो, तेव्हा दुखणं बोटाचं नसतं. शरीराची राखण करणारी फौज शरीरालाच शत्रू समजून मारायला लागते. बोटं फक्त आधी सांगतात. रक्त तपासणीला मुंबईला जाईल आणि त्याने नाव पक्कं होईल, पण त्यांना आताच जवळजवळ खात्री आहे. मग त्यांनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ झाला.

"वैजयंतीबाई, हा दाब मला आवडत नाही. हे दुखणं मूत्रपिंडात शिरायला लागलं असेल तर वेळ फार थोडा आहे. याच आठवड्यात कोल्हापूरला जाऊन दाखल व्हायचं. आणि थंड पाण्यात हात घालणं आजपासून बंद."

म्हणजे पूजा बंद. मी विचारलं, नाही गेले तर. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की बोट तर जाईलच, आणि पुढचा पाऊस मी बघीन असं त्यांना वाटत नाही.

येताना एसटीत आये खिडकीबाहेर बघत बसली. मला वाटत होतं ती म्हणेल, जा. घरी माझा नवरा मोहन रजेवर आलेला होता, मी त्याला सगळं सांगितलं. तो बिचारा लगेच पिशवी भरायला उठला. आणि दारातून आयेचा आवाज आला, "आदी देवीक इचारूक व्हया."

दवाखान्यात जे मी बघितलं तेच तिने बघितलं होतं. पौषाची थंडी, झऱ्याचं पाणी, भिजलेला दगड. काय उत्तर येणार ते शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. मोहन गयावया करायला लागला, तर ती म्हणाली, "न इचारता गेली तर गाव गप रवाचो नाय. मान जातलो, घर जातला. आमी देवीच्या जमनीर ऱ्हवतंव." आणि ती आत निघून गेली. मोहनने मान खाली घातली. ती म्हणत होती ते खरं होतं, म्हणूनच मला तिचा जास्त राग आला. मनात म्हटलं, म्हातारीला सून नको आहे, मान हवा आहे.

पौर्णिमेला कौल ठरला. आदल्या दिवशी माझ्या मनात काय काय येऊन गेलं. पदराखाली निखाऱ्यांचं मडकं धरून गाभाऱ्यात जावं, हात ऊबदार ठेवावे, कुणाला कळणार होतं? पण मला ते जमेना. एवढी वर्षं माझ्या बोटांवर लोकांनी घरं बांधली, पोरी दिल्या, आणि माझी पाळी आली तेव्हा मी देवीसमोर चोरी करायची? आणि आत कुठेतरी अजून विश्वास होता. टबात काय दिसायचं ते दिसू दे, मला देवीच्या तोंडून ऐकायचं होतं. ती नाही म्हणाली तर मी दगड व्हायला तयार होते. आज हे लिहिताना माझं मलाच हसू येतं, पण तेव्हा ते हसण्यावारी नव्हतं.

पौर्णिमेच्या पहाटे मी उठले तेव्हा आये घरात नव्हती. निरोप ठेवून गेली होती की सुनेच्या बोटाला जखम आहे, वाहत्या जखमेने देवीला स्नान चालत नाही, म्हणून आजचं स्नान ती घालणार. मला भरून आलं. शेवटचं स्नान, तेही माझ्या हातून काढून घेतलं. मी झऱ्यावर जाऊन अंगावर थंड पाणी ओतलं आणि ओलेत्याने राईत शिरले. झाडं ठिबकत होती. एकही पाखरू ओरडत नव्हतं. देवळात पोचेपर्यंत माझी दहाच्या दहा बोटं पांढरी झालेली होती.

लोकांनी वाट दिली. कुणीतरी माझे हात बघितले आणि कुजबूज मंडपभर पसरली. कौल लागायच्या आधीच देवीने सांगितलं, असंच सगळ्यांना वाटलं असणार. मोहन खांबाला टेकून उभा होता, त्याने डोळे मिटून घेतले. आये गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसली होती. तिच्या पदराला धुराचा वास येत होता आणि कोपराला काजळी लागली होती. गाभारा धुपाने भरलेला होता, इतका की समईची वातही धूसर दिसत होती. देवीला आज एकावर एक दोन लुगडी नेसवलेली, कपाळावरसुद्धा पदर ओढलेला. आयेने आत येऊन तो पदर मागे सारला, माझ्याकडे न बघता.

"लाव पाकळे," ती म्हणाली.

मी पाकळ्या भिजवल्या आणि देवीच्या कपाळावर बोटं टेकवली.

दगड कोमट होता.

उन्हाने तापतो तसा नव्हे. आजारी माणसाच्या कपाळाला हात लावावा आणि आतून ऊब यावी, तसा. मी त्या मूर्तीला एवढी वर्षं हात लावत होते, ती कधी, भर उन्हाळ्यातसुद्धा, कोमट झाली नव्हती. तिच्या कपाळापासून बारीक वाफ वर जात होती आणि धुपात मिसळत होती. मला वाटलं, आता ही डोळे उघडणार. मला हात काढून पळून जावंसं वाटत होतं, पण हात निघेना. मागे तातू गावकराने सूर लावला.

"गे झरीमाये, आज तुझी सेवेकरीण तुझ्याच पायाकडे इली हा. तिच्या हाताक दुखणा लागला हा. डाक्टर सांगता, परगावाक धाडा. आमी अडाणी लेकरां. धाडूचा काय नाय, तां तू सांग."

"व्हय म्हाराजा," सगळा गाव म्हणाला.

गाऱ्हाणं चालू राहिलं. मी डोळे उघडे ठेवून माझ्या बोटांकडे बघत होते. पांढरी बोटं पांढरीच होती. मग करंगळीच्या नखाशी जांभळा रंग आला. तो सरकत सरकत सगळ्या बोटांत गेला. आणि मग ठणका आला, रक्त परत येतं तेव्हा येतो तसला, सुया टोचणारा, माझ्या डोळ्यांतून पाणी काढणारा. एकेक बोट तांबडं झालं. काळ्या टोकाची तर्जनीसुद्धा टोकाखालपर्यंत तांबडी झाली. तातू गावकराचं गाऱ्हाणं मध्येच थांबलं.

"धाडा," तो म्हणाला. "आजच धाडा."

त्याच दिवशी दुपारच्या गाडीने आम्ही निघालो. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की मूत्रपिंडं बिघडायला लागलीच होती, आणखी थोडे दिवस गेले असते तर हातात काही राहिलं नसतं. तर्जनीचं टोक गेलं. बाकीची मी राहिले. औषधं जन्माची लागली, आम्ही मोहनच्या नोकरीच्या गावी गोव्यात बिऱ्हाड केलं, आणि पूजा शेवटी चुलत घराकडे गेली. ज्या मानासाठी आयेने मला गाभाऱ्यात उभं केलं असं मी समजत होते, तो असा गेला, आणि तिने तो जाऊ दिला.

कोमट दगडाची गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, मोहनलाही नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मला पटलं होतं. कोण कशाने पांढरं होतं आणि कशाने तांबडं, हे मी आता दुसऱ्यांना समजावून सांगायचे. पण पौषाच्या पहाटे दगड ऊबदार कसा झाला, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कित्येकदा झोपेत माझ्या बोटांना ते कपाळ लागायचं आणि मी दचकून उठायचे. देवीला मी आवडत होते की तिने मला हाकलून दिलं, हेही कळायचं नाही.

आये थकली तेव्हा मी तिच्याकडे जाऊन राहिले. तिला उठवत नव्हतं, मी अंथरुणापाशीच तिचं अंग पुसायचे. एका सकाळी मी घमेल्यातलं पाणी कोपराने बघत होते, बोटांनी बघायची मला भीती वाटते म्हणून. ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

"तापला?" तिने विचारलं.

"तापला."

"माणसाचा आंग लवकर तापता," ती म्हणाली. "फातर तापणा नाय. त्या दिशी माका हंड्यार हंडे ओतूचे लागले. मगे दोन लुगडी गुंडाळलंय, निवाक नये म्हणान."

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. धुराचा वास, कोपराची काजळी, देवीच्या कपाळावर ओढलेला पदर, सगळं एकदम माझ्यासमोर आलं. पन्नास वर्षं त्या देवीपुढे दिवा लावलेली बाई, जिने कधी उष्टा हात देव्हाऱ्याला लावला नाही, ती त्या पहाटे एकटी राईत चूल पेटवून बसली होती. मी तिला नको नको ते मनात बोलले होते.

"आये," मी म्हटलं, "म्हणजे तो कौल खोटो?"

ती रागावली. तिच्यात तेवढी ताकद कुठून आली कोण जाणे. "खोटो कसो? इतकी वर्सां आमी तिका थंड पाण्यान न्हाणयलंव. गार लागता काय म्हणान कोणी कधी इचारल्यान? ती पण बाईमाणूसच." तिला दम लागला, ती थांबली. मग डोळे मिटून म्हणाली, "कौल तिणाच दिल्यान. मी फकस्त पाणी तापयलंय."

मी फडकं बाजूला ठेवलं आणि तिच्या कपाळावर हात टेकवला. ते तेवढंच कोमट होतं. पाणी निवायच्या आत मी तिचं अंग पुसून घेतलं आणि तिच्यावर एकावर एक दोन लुगडी पांघरली.